रायफलीची साक्ष

बंगळूर शहराच्या दक्षिणेस बनशंकरी नावाची मोठी वस्ती आहे. मूळ बनशंकरी बदामीची. तिचे नाव घेऊन बंगळुरात कनकपुरा रस्त्यावर देऊळ उभे राहिले आणि देवळाचे नाव पुढे भोवतालच्या साऱ्या वस्तीला मिळाले. मंगळवारी व शुक्रवारी राहूकाळात लिंबाच्या उलट्या केलेल्या सालींत तेलवाती घालून बायका तिथे देवीपुढे दिव्यांच्या रांगा मांडतात. निवृत्तीनंतर मी या वस्तीत राहावयास आलो. लष्करात माझी बत्तीस वर्षे गेली, परंतु मी शस्त्रे चालविणारा नव्हे. बिघडलेली शस्त्रे दुरुस्त करणारा. शत्रूवर गोळी झाडण्याचा प्रसंग माझ्यावर कधी आला नाही. रायफलीच्या नळीत डोकावण्यात मात्र माझे निम्मे आयुष्य गेले असे म्हणावयास हरकत नाही.

अशा माणसाची कीर्ती शेजारपाजारी कशी पसरते हे सांगणे कठीण आहे. पण ती पसरते खरी. २०११ सालच्या पावसाळ्यात एक तरुण माझ्याकडे आला. घर जवळचेच, चार गल्ल्या पलीकडे. कुटुंब मराठी, मूळचे बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातले. घरात कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलली जाते, तसे त्याचे बोलणे होते. "काका," तो म्हणाला, "आमच्या आजोबांची रायफल तुम्ही एकदा पाहाल का? जर्मन आहे. आजोबांनी इटलीच्या लढाईत जर्मन सैनिकाकडून हिसकावून घेतलेली."

आजोबा मराठा पलटणीत हवालदार होते. रायफलीचा परवाना आधी त्यांच्या नावे होता, मग मुलाच्या नावे झाला. आता नातवाच्या मनात ती रायफल बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला द्यावी, तिच्याखाली आजोबांच्या नावाची पाटी लागावी, असे होते. त्यासाठी कोणा जाणत्याचा दाखला जोडावा असे त्याला कोणीतरी सुचविले होते. तो दाखला मी लिहावा, एवढीच त्याची विनंती.

विनंती साधी होती, पण मला ती तितकी साधी वाटली नाही. युद्धाच्या अखेरच्या काळातील जर्मन रायफल ओळखणे आणि ती अमुकच रायफल आहे असे छातीवर हात ठेवून सांगणे, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील अंतर किती, हे या क्षेत्रात वावरल्यावाचून ध्यानात येत नाही.

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पायदळाची मुख्य रायफल म्हणजे माऊझर घराण्यातली काराबिनर ९८ के. १९३५ साली ती स्वीकारली गेली आणि युद्ध संपेपर्यंत सव्वा कोटीहून अधिक तयार झाल्या. एवढ्या रायफली एका कारखान्यातून निघणे शक्यच नव्हते. माऊझरचे ओबर्नडॉर्फ आणि बर्लिन येथील कारखाने, ऑस्ट्रियातील श्टायर, झुल गावचे झाउअर, वायमारचे गुस्टलोफ, ल्युबेक आणि झेकोस्लोव्हाकियातील बर्नो अशी ती मालिका होती. कोणती रायफल कोठे झाली हे शत्रूला कळू नये म्हणून कारखान्याचे नाव घालावयाचे नाही, सांकेतिक खूण घालावयाची, असा नियम होता. प्रथम आकडे होते. व्हर्सायच्या तहाची भीती पूर्ण गेलेली नव्हती तेव्हा तर सालसुद्धा अक्षराने लिहीत: 'के' म्हणजे १९३४, 'जी' म्हणजे १९३५. पुढे आकड्यांच्या जागी अक्षरे आली. 'बी-वाय-एफ' म्हणजे ओबर्नडॉर्फचे माऊझर, 'बी-एन-झेड' म्हणजे श्टायर, 'बी-सी-डी' म्हणजे गुस्टलोफ, 'डी-ओ-टी' म्हणजे बर्नो. नळी आणि बोल्ट जिथे एकत्र येतात त्या पोलादी भागास रिसीव्हर म्हणतात. त्याच्या माथ्यावर ही अक्षरे आणि खाली साल.

याशिवाय सरकारी तपासनिसांचे शिक्के. पसरलेल्या पंखांचा गरुड आणि त्याखाली एक आकडा: ओबर्नडॉर्फसाठी १३५, श्टायरसाठी ६२३, बर्नोसाठी ६३. आणि मग रायफलीचा अनुक्रमांक. तो दहा हजारांपर्यंत जाई, मग पुन्हा एकापासून सुरू होऊन त्याच्या शेपटीस 'ए' हे अक्षर लागे, मग 'बी'. नवे साल उजाडले की सारी मोजणी पुन्हा मुळापासून. सुरुवातीच्या काळात हाच क्रमांक, पुरा किंवा अखेरचे दोन आकडे, रायफलीच्या जवळजवळ प्रत्येक भागावर ठोकलेला असे. बोल्टवर, नेम धरण्याच्या पट्टीवर, नळीभोवतीच्या कड्यांवर, इतकेच नव्हे तर बारीक स्क्रूच्या डोक्यावरदेखील! जर्मन कारकुनी म्हणतात ती ही.

१९४४ च्या मध्यानंतर ही कारकुनी कोसळू लागली, आणि रायफल पाहणाऱ्याला खरा रस वाटतो तो इथून पुढे. पोलाद कमी, वेळ कमी, कसबी हात कमी. मग जे जे वगळता येईल ते वगळले गेले. दस्त्याखाली असणारी साफसफाईची सळई गेली. संगीन बसविण्याची खाच गेली. बोल्ट उलगडण्यासाठी दस्त्यात बसविलेली पोलादी चकती गेली. तिच्याऐवजी मागच्या पत्र्याला एक भोक पाडून काम भागविले. घडीव कड्यांच्या जागी पत्रा ठोकून वळविलेली कडी आली आणि ती स्क्रूने आवळली. निळसर काळ्या तकतकीत मुलाम्याऐवजी राखी, मळकट फॉस्फेटचा थर. पृष्ठभागावर यंत्राच्या पात्याने ओढलेल्या रेघा तशाच राहिलेल्या, कारण त्या घासून काढावयास माणूस नव्हता. भागांवरचे क्रमांक एकेक करून नाहीसे झाले. शेवटी रिसीव्हर आणि बोल्ट एवढ्यांवरच क्रमांक उरला. १९४१ ची आणि १९४५ ची रायफल शेजारी शेजारी ठेवली तर एका राज्याची चार वर्षांतील कथा हाताच्या बोटांनी वाचता येते.

परंतु माणूस नव्हता असे मी आता म्हणालो ते तितकेसे खरे नाही. माणसे होती. वायमारच्या गुस्टलोफ कंपनीचा एक कारखाना बुखेनवाल्डच्या छळछावणीला लागून होता आणि तिथे कैदी राबत होते. २४ ऑगस्ट १९४४ रोजी तो बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. त्यात कैदीही शेकड्यांनी मेले. श्टायरच्या रायफलींचे भाग माउटहाउझेनच्या गुझेन छावणीत घडत होते. 'बी-एन-झेड' आणि 'बी-सी-डी' ही अक्षरे भिंगाखाली पाहताना संग्राहक सहसा त्यांचे दुर्मिळपण मोजतो. मला ती अक्षरे पाहिली की हात किंचित थबकल्यासारखा होतो. हा माझा दुबळेपणा असेल. पण जो ओबडधोबडपणा आपण 'अखेरच्या काळाचे लक्षण' म्हणून वहीत टिपतो, तो कोणा उपाशी माणसाच्या हातून उतरलेला आहे हे विसरून ती टीप लिहिणे मला जमत नाही.

सप्टेंबर १९४४ मध्ये हिटलरने फोल्कस्टुर्म नावाची लोकसेना उभारण्याचा हुकूम काढला. सोळा ते साठ वर्षांचा जो पुरुष चालूफिरू शकतो त्याच्या हाती काहीतरी द्यावयाचे होते. त्यांच्यासाठी ज्या रायफली झाल्या त्या रायफली म्हणावयाच्या की लोखंडी नळी जोडलेली लाकडे, असा प्रश्न पडतो. रंधा न फिरविलेला दस्ता, मागेपुढे न होणारी पक्की नेमपट्टी, काहींत तर एका वेळी एकच गोळी. आज संग्राहकांच्या बाजारात यांना फार मागणी आहे, कारण त्या थोड्याच शिल्लक आहेत. आणि गंमत अशी की, यांचीच नक्कल करणे सर्वांत सोपे! उत्तम कारागिरीची नक्कल करावयास उत्तम कारागीर लागतो. गबाळ्या कामाची नक्कल कोणीही गबाळा करू शकतो. लाकूड खडबडीत का, तर मूळच तसे होते. शिक्का नाही, तर शेवटी शेवटी शिक्के घालतच नव्हते. जोड बसत नाही, तर बसतच नव्हता. खोटेपणाच्या प्रत्येक खुणेला युद्धाच्या धांदलीचे निमित्त तयार असते.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. युद्ध १९४५ च्या मे महिन्यात संपले, रायफली संपल्या नाहीत. त्या लाखोंनी पडून होत्या आणि ज्या देशाच्या हाती लागल्या त्याने त्या आपल्याशा केल्या. नॉर्वेने त्यांच्या नळ्या बदलून अमेरिकन काडतुसांसाठी त्या तयार केल्या. युगोस्लाव्हियाने जर्मन खुणा घासून आपले राजचिन्ह ठोकले. सोव्हिएत कोठारांत रायफली उलगडल्या गेल्या, भाग ढिगांत पडले, आणि पुन्हा जोडताना कोणाचा बोल्ट कोणाच्या रिसीव्हरला गेला हे पाहावयाची गरज कोणास वाटली नाही. विजेच्या लेखणीने बोल्टवर नवा क्रमांक खरडला आणि काम झाले. ओबर्नडॉर्फचा कारखाना फ्रेंचांच्या हाती पडल्यावर तिथे फ्रेंच सैन्यासाठी रायफली निघत राहिल्या. इस्राएलने घेतलेल्या रायफलींवर एकीकडे जर्मन गरुड आणि दुसरीकडे इस्राएली सैन्याची खूण असा विलक्षण शेजार पाहावयास मिळतो. बर्नोचा कारखाना तर युद्ध संपले तेव्हा अर्धवट भागांनी भरलेला होता. झेक सरकारने त्याच भागांतून रायफली जोडल्या, जुन्या दुरुस्त केल्या आणि आपल्या सैन्याला दिल्या. त्यांवर जर्मन खुणा कायम, फक्त जोडीला झेक सिंहाचा बारीक शिक्का आणि साल. आणखी एक बदल त्यांनी केला: हिवाळ्यात जाड हातमोजा घातलेले बोट आत जावे म्हणून घोड्याभोवतीची कडी मोठी केली.

म्हणून रायफल खरी आहे काय, हा प्रश्नच अपुरा आहे. पोलाद खरे असते, गरुड खरा असतो, साल खरे असते. तरी जी कथा सांगितली जाते ती खरी असेलच असे नाही. पारखणाऱ्याने रायफलीला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावयाचा असतो: तुझ्या अंगावरची शेवटची खूण कोणती?

ती खूण ओळखण्याची रीत थोडक्यात सांगतो. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडेला धातू किंचित वर उचललेला असतो, कारण तो दाबाने बाजूला सरकलेला असतो. कोरलेल्या अक्षराला असा काठ नसतो, तिथला धातू निघूनच गेलेला असतो. मुलामा अक्षराच्या तळाशी पोचला आहे की अक्षराने मुलामा फोडला आहे, यावरून आधी काय आणि नंतर काय ते कळते. घासून टाकलेल्या खुणेच्या जागी सपाटी थोडी खोल जाते. पोलादी पट्टी आडवी धरून उजेडाकडे पाहिले की पट्टीखालून प्रकाश दिसतो. लाकूड तासून नवे केले असेल तर त्यावरचा शिक्का पुसट होतो आणि लोखंड लाकडाहून वर आलेले बोटाला लागते. यांतील कशालाही मोठी विद्या लागत नाही. दहापटीचे भिंग, खिडकीजवळची जागा आणि घाई नसणे, एवढे पुरे.

ही कला आपल्याला परकी आहे असे मात्र समजू नये. मराठ्यांच्या शस्त्रागारांत 'फिरंग' म्हणून जी तलवार होती तिचे नावच तिच्या पात्याचे जन्मस्थान सांगते. सरळ, लांब पाती युरोपातून समुद्रमार्गे येत आणि इथे त्यांना आपल्या पद्धतीची मूठ बसे. जर्मनीतील पासाउ आणि झोलिंगेन येथील पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. जेनोवाच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या चंद्रकोरीसारख्या दातेरी खुणाही अशाच नावाजलेल्या. खुणेला मोल आले तशी खुणेची नक्कल आली. युरोपात लांडगा दुसऱ्यांनी उचलला, आपल्याकडील लोहारांनी जेनोवाच्या चंद्रकोरी ठोकल्या. तेव्हाचा गिऱ्हाईकही पाते वाकवून, नादावरून, धारेवरून पारख करीत असणार. नुसत्या खुणेवर विसंबणारा फसत असणार.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र शासनाने नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून मिळविली. तिचेही पाते युरोपीय, मूठ इथली. आणि पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघूजींचे नाव व 'सेनासाहिब सुभा' हा किताब. तिथे वस्तू स्वतःच बोलते. उलट २०२४ च्या जुलैत सातारच्या संग्रहालयात जी वाघनखे ठेवण्यात आली त्यांची ओळख वस्तूवर नाही, तिच्या पेटीवर आहे. ग्रँट डफला ती साताऱ्यात मिळाल्याचे आणि ती शिवाजी महाराजांची असल्याचे पेटीवरील मजकूर सांगतो. ज्या लंडनच्या संग्रहालयाने ती पाठविली त्याने स्वतःच म्हटले आहे की अफझलखानावर चालविलेली वाघनखे ती हीच, असे सिद्ध करता येत नाही. असे म्हणावयास संग्रहालयाला काही कमीपणा वाटला नाही. या दोहोंतील भेद ज्याला कळला त्याला पारखीतील अर्धे काम कळले असे मी समजतो.

आता त्या तरुणाच्या घरी जाऊ.

रायफल पलंगावर जुन्या धोतराच्या घडीवर ठेवलेली होती. तरुणाचे वडील होते, सूनबाई होत्या, आणि कोपऱ्यातील खुर्चीत आजी बसल्या होत्या. वय ब्याऐंशीच्या घरात, कानांनी मंद, नजर मात्र शाबूत. घरातल्यांनी पाहण्याची तयारी अशी केली होती की जणू मुलगी दाखवावयाची आहे. मला थोडे अवघडल्यासारखे झाले.

रिसीव्हरवर 'डी-ओ-टी' आणि '१९४४'. तरुणाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिले. त्याने अभ्यास केला होता. गरुडाचे शिक्के होते, त्याखाली ६३. मुलामा राखी. कड्या पत्र्याच्या. अनुक्रमांकाच्या शेपटीस अक्षर. सारे जसे असावयास हवे तसे. १९४४ च्या उत्तरार्धात बर्नोला बनलेल्या रायफलीचा हा रिसीव्हर होता याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

मग मी ती उलटी केली. घोड्याभोवतीची कडी मोठी होती. नळी काढून मी ती खिडकीपाशी नेली आणि भिंग लावले. डाव्या अंगाला, मुलाम्याच्या आत नव्हे, मुलामा फोडून वर, एक लहानसा सिंह होता. त्याच्या शेजारी दोन आकडे: चार आणि आठ.

१९४८ साली ही रायफल झेकोस्लोव्हाकियात होती. तिथे ती कोणा तपासनिसाच्या बाकावर पडली होती आणि त्याने तिच्यावर शिक्का मारला होता. मराठा पलटणीचा सैनिक १९४५ साली इटलीतून ती घरी घेऊन आला असता तर तीन वर्षांनी तिच्यावर हा सिंह उमटला नसता. याला दुसरा अर्थ नाही. मी दुसरा अर्थ शोधून पाहिला, हे कबूल करतो.

खोलीत काय वाटले असेल ते सांगावयास नको. मी सांगितले ते सौम्य शब्दांत सांगितले, पण सौम्य शब्दांत सांगितले म्हणून सिंह पुसला जात नाही. वडील काही बोलले नाहीत. तरुण म्हणाला, "म्हणजे आजोबा आमच्याशी खोटं बोलले?" हा प्रश्न मला रायफलीपेक्षा अवघड वाटला. शस्त्राची तपासणी करावयास मी गेलो होतो, माणसाची नव्हे. आणि तरी एकाचा निकाल दुसऱ्यावर जाऊन पडला होता.

इटलीच्या रणभूमीवर मराठ्यांनी काय केले ते सर्वश्रुत आहे. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात माणगावकडील नाईक यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या मोर्चावर तुटून पडले, काडतुसे भरावयास वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातील शिपाई नामदेव जाधव यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून दोन जखमी साथीदार पाठीवर वाहून आणले आणि नंतर शत्रूचे मोर्चे बंद केले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच पलटणींत हजारो असे होते ज्यांचे नाव कोठे छापले गेले नाही. त्यांच्या घरी काहीतरी वस्तू असावी, तिच्याकडे बोट दाखविता यावे, असे नातवंडांना वाटणे किती स्वाभाविक आहे!

तेवढ्यात आजींनी विचारले, "काय म्हणतात हे?" सूनबाईंनी त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले. आजी काही वेळ रायफलीकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "इटलीहून आणली असं ह्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. हे म्हणायचे, आमच्यावर झाडायचे ती असलीच. असलीच म्हणायचे. हीच नाही." मग थोडे थांबून, जणू हे सर्वांना ठाऊकच असावयास हवे होते अशा सुरात, "डुकरांसाठी घेतली ती. गावच्या भातात रानडुकरं उतरायची."

परवान्याची जुनी पुस्तिका कपाटात होती. ती आजवर कोणी पहिल्या पानापासून वाचली नव्हती. मी ती मागितली. पहिला शिक्का मुंबई राज्याचा, १९५६ चा. परवान्याचे कारण: पिकाचे संरक्षण. विकत घेतल्याची नोंद, विक्रेत्याचा शिक्का, रायफलीचा क्रमांक, आणि तो क्रमांक रिसीव्हरवरील क्रमांकाशी अक्षरासह जुळणारा. पुढची नूतनीकरणे म्हैसूर राज्याच्या शिक्क्याची, कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आणि १९७३ नंतरचे शिक्के कर्नाटकाचे. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर सरले, म्हातारबुवा बंगळुरात कारखान्यात लागले होते, रायफल कपाटात गेली. त्या पुस्तिकेत तीन राज्यांची नावे ज्या क्रमाने यावयास हवीत त्याच क्रमाने आली होती, प्रत्येक शाईचा रंग वेगळा, प्रत्येक सही वेगळी. दस्तऐवज म्हणून ती पुस्तिका रायफलीहून कितीतरी सरस होती.

'असलीच' या शब्दाचे 'हीच' कधी झाले ते कोणीही सांगू शकले नाही. मुलाने लहानपणी ऐकले असेल, त्याने नातवाला सांगितले असेल. आणि आजोबांनी दुरुस्त केले नसेल, किंवा केले असेल पण कोणी ऐकले नसेल. रायफलीवर प्रत्येक देश आपला शिक्का मारतो, तशी घरातील प्रत्येक पिढीही मारते, फक्त त्याला साल नसते.

मी विचारले, "आजी, त्यांचे आणखी काही आहे? पदक वगैरे?" आजींनी सूनबाईंना खूण केली. देवघराखालच्या खणातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. त्यात लग्नाचा एक फोटो, पलटणीच्या टोपीचे बिल्ले, आणि फडक्यात गुंडाळलेले सहा टोकांचे पितळी रंगाचे पदक. फीत झिजलेली, तरी तांबडा, पांढरा आणि मधला हिरवा हे रंग ओळखू येत होते. ते इटली स्टार होते.

या पदकांबद्दल एक गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ब्रिटिश सैनिकांना जी दिली गेली ती कोरी होती. त्यांवर नाव नव्हते, त्यामुळे आज ती कोणाची हे सांगता येत नाही. हिंदी सैनिकांना दिलेल्या पदकांच्या मागे मात्र क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवून दिलेली असत. साम्राज्याने या बाबतीत तरी आपल्या माणसांना अधिक दिले म्हणावयाचे! मी पदक उलटे केले. अक्षरे होती. ती मी त्याच भिंगाखाली, त्याच खिडकीपाशी धरली, कारण नाव मागाहूनही ठसविता येते आणि एकदा पत्करलेला संशय सोयीने बाजूला ठेवता येत नाही. अक्षरांचे काठ झिजून धातूच्या पातळीला आले होते, तळाशी आणि भोवती एकच मळ, एकच तांबूसपणा. पदकाइतकीच ती अक्षरे जुनी होती. हुद्दा नाईक असा होता. हवालदार ते मागाहून झाले असावेत.

मी ते वाचून दाखविले. तरुणाचे वडील उठून जवळ आले. आजींना इंग्रजी अक्षरे येत नव्हती. साठ वर्षे ते पदक त्यांनी दर दसऱ्याला चिंचेने घासून लखलखीत केले होते, पुढून. मागे काही लिहिले आहे हे त्यांच्या ध्यानात आले होते, पण ते राजाचे काहीतरी असेल असे त्या समजत होत्या. "त्यांचं नाव आहे?" त्यांनी विचारले. मी होय म्हणालो. "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. क्रमांकासकट.

दाखला मी दुसऱ्या दिवशी लिहून दिला. रिसीव्हर बर्नोचा, १९४४ चा. रायफल १९४८ साली झेकोस्लोव्हाकियात पुन्हा तपासली गेलेली. १९५६ साली पिकाच्या रक्षणासाठी परवान्यावर विकत घेतलेली. आणि तिच्या मालकास इटलीतील युद्धसेवेबद्दल मिळालेले पदक त्याच्या नावानिशी घरात असलेले. एवढ्या चार ओळी. बेळगावला रायफल पाठविण्याचा विचार तरुणाने सोडून दिला. दाखल्याच्या त्याने दोन प्रती काढल्या. एक परवान्याच्या पुस्तिकेत ठेवली आणि दुसरी आजींनी मागून घेतली व पदकाखाली, डब्यात.